हेलिकॉप्टर चूळ भरतं तेव्हा

"ताई, तुमचं हेलिकॉप्टर रोज संध्याकाळी चूळ का भरतं?"

हा प्रश्न माझा नव्हता. तो हर्षालीने तयार केला, बाकीच्या मैत्रिणींनी घासूनपुसून चकचकीत केला आणि विचारायला मला पुढे ढकललं. पैज एक प्लेट पाणीपुरीची, शहाद्याच्या बसस्टँडसमोरची. मलाच का ढकललं, तर मी विचारणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरी इतकी हळू द्यायचे की सर ममताच्या, म्हणजे माझ्या, नावापुढे गैरहजर लिहून मोकळे व्हायचे आणि ममता समोरच्या बाकावर बसलेली असायची. पण यंदा दहावीत गॅदरिंगला निवेदन करणारी मुलगी ऐनवेळी आजारी पडली, बाईंनी माईक माझ्या हातात कोंबला, आणि स्पीकरमधून आलेला माझा आवाज मलाच आवडला. तेव्हापासून तो काही थांबत नाही. हर्षालीला ही बातमी अजून नीट पोचलेली नव्हती.

तर मी दोरीपाशी गेले आणि गॅदरिंगच्या आवाजात विचारलं.

आमची साखर कारखान्याची कॉलनी शहाद्यापासून जवळच आहे. कॉलनीच्या क्रिकेटच्या मैदानावर संक्रांतीच्या सुमारास हे हेलिकॉप्टर येऊन राहिलं होतं. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते वरून शोधायचा सर्वे होता. पोटाखाली भली मोठी चौकट लटकवून ते सकाळी उडायचं, आणि सगळी कॉलनी म्हणायची, निघालं खाट घेऊन. दुपारनंतर परत आलं की थंड व्हायला उभं राहायचं. मग निळ्या डांगरीतली एक ताई त्याच्या इंजिनाला नळी लावायची, आत काहीतरी गरगरायचं, आणि मागच्या बाजूने पाणी गळायचं. रोज. आम्ही शाळेतून आलो की दोरीला टेकून बघत बसायचो. राखणीला बसलेले धुडकूकाका म्हणायचे, "दोरीना मांगे ऱ्हावा," आणि आम्ही राहायचो.

ताईने वळून माझ्याकडे पाहिलं. मागे हर्षाली पळायच्या तयारीत.

"चूळ," ताई म्हणाली. "बरा शब्द आहे. आमच्या पुस्तकात याला दोन ओळी लागतात." मग हात पुसत जवळ आली. "तू का भरतेस चूळ?"

"तोंडाला वास येतो म्हणून."

मागे खिदळणं.

"याला वास नाही येत, याला दम लागतो." तिने हेलिकॉप्टरच्या अंगावरून बोट फिरवलं आणि आम्हाला दाखवलं. बोट काळं. "हे कुठून येतं?"

आम्ही सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. चिमणी धूर सोडत उभी होती. गाळप सुरू झालं की आमच्याकडे पांढरे कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, हे लहान पोरालाही माहीत असतं. उसाचा चोथा जळतो, त्याची काजळी उडते आणि ओट्यावर, पापडांवर, न्हालेल्या केसांवर येऊन बसते.

"तुमच्या केसांवर बसते तशी याच्या आत पण बसते," ताई म्हणाली. "आत बारीक पात्यांच्या चकत्या आहेत, एकामागे एक. त्या गरगर फिरून हवा ओढतात, दाबतात, मागे ढकलतात. मागे इंधन जळतं आणि त्या गरम झोताने सगळं फिरतं. पाती घाण झाली की हवा नीट ओढली जात नाही. मग तेवढंच काम करायला जास्त इंधन, जास्त ताप. म्हणून आंघोळ वरून आणि चूळ आतून."

"पण पाण्याने विझत नाही का?" हे मी माझं स्वतःचं विचारलं. पैजेत नव्हतं.

"पेटवतच नाही. कॅप्टन नुसतं बटण दाबून फिरवतात, इंधन न देता. फिरता फिरता मी त्याच्या तोंडातून पाणी सोडते, ते पात्यापात्यांतून घाण घेत मागे जातं. नंतर थोडा वेळ चालू करून वाळवतो."

तिने मागे ठेवलेला ट्रे उचलून दाखवला. पाणी शाईसारखं होतं. आमच्याच चिमणीची काजळी, आकाशातून फिरून परत आलेली.

पाणीपुरी मी जिंकले, पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी मी पाणीपुरीसाठी गेले नव्हते, दोरीपाशी गेले. तिसऱ्या दिवशीही. ताईचं नाव सुषमा गावित, नवापूरच्या पलीकडच्या डोंगरातली, गुजरातची हद्द जिथून दिसते तिथली. तिच्या घरी कोकणी बोलतात, म्हणजे कोकणातली नव्हे, तिकडच्या डोंगरातली आदिवासी बोली, चर्चला जातात, वडील दानियल शेती करतात. आपली पोरगी विमानाच्या कामाला जाणार म्हटल्यावर त्यांनी पहिलं विचारलं होतं, तू चालवणार का? नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग विचारलं, दुरुस्त करणार का? हो म्हटल्यावर पुन्हा भांड्यातून बाहेर.

"आणि ही माझी पहिली जागा, जिथे मी एकटी आहे," ती म्हणाली. "आतापर्यंत कोणी ना कोणी मोठं बरोबर असायचं. इथे धुतलं म्हणून सही मी करते. माझी सही नसेल तर कॅप्टन उडत नाहीत."

मला हे फार भारी वाटलं. एका सहीसाठी एवढं मोठं यंत्र सकाळी थांबून राहतं.

दोरीच्या आत एका खुणेपर्यंत उभं राहायची परवानगी मला मिळाली, पण त्याआधी ताईने एक गोष्ट शिकवली. दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करायची. "इंजिन फिरताना कोणाला ऐकू येत नाही, माझ्या कानावर तर आवाज अडवणारे डबे असतात. काही चुकीचं दिसलं की ही फुली. कोणीही करावी, कॅप्टनने, मी, धुडकूकाकांनी, तू. फुली दिसली की आधी थांबायचं. का ते नंतर विचारायचं."

"आणि उगाचच केली असेल तर?"

"तरी थांबायचं."

हर्षालीने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला सरांपुढे फुली करून दाखवली. सर काही थांबले नाहीत.

आता पाण्याचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण पाण्यावरून झालं. धुवायला साधं पाणी चालत नाही. त्यात क्षार असतात, ते तापलेल्या पात्यांवर सुकून चिकटले की काजळी परवडली असं होतं. म्हणून क्षार काढलेलं पाणी मोठ्या निळ्या कॅनमधून बाहेरून यायचं. मैदानावरच्या तंबूत ऊन लागायचं, कुत्री यायची. मैदानाला लागून पहिलं घर आमचं. ताईने विचारलं, तुमच्या ओट्यावर सावलीत ठेवू का, आणि मी आईला न विचारता हो म्हणून टाकलं.

घरी मी त्या कॅनचं इतकं कौतुक केलं की बस. "आई, या पाण्यात काहीच नाही. जगात याच्यापेक्षा स्वच्छ पाणी नाही. कणभर मीठ नाही." घरी आम्ही अहिराणीच बोलतो, पण असलं शास्त्राचं काही सांगायचं झालं की माझी भाषा आपोआप पुस्तकी होते. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आते भांडा घस." माझ्या आईची, म्हणजे निर्मलाबाईंची, माझ्याबद्दल एकच तक्रार आहे. मला भांडी घासायचा कंटाळा आहे. पप्पांची तक्रार नाही, त्यांची योजना आहे. मामांचं शहाद्याला मेडिकल स्टोअर आहे, मामांना मुलबाळ नाही, म्हणून ममताने अकरावीला जीवशास्त्र घ्यायचं, गणित सोडायचं, मग फार्मसी. हे मी आठवीत असताना ठरलं. तेव्हा मी काही बोलत नसे, त्यामुळे माझा होकार धरून चालले होते.

एकदा मी ताईला विचारलं, "तुमच्या कामाला काय लागतं?"

"बारावीला फिजिक्स आणि गणित. मग विमान दुरुस्तीचा कोर्स, मग परीक्षा, बऱ्याच परीक्षा."

"जीवशास्त्रावर नाही होत?"

"नाही होत. गणित सोडलंस की हा रस्ता बंद."

त्यानंतर मी घरी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. माईकवर बोलणं सोपं असतं, समोर पप्पा जेवत नसतात.

इकडे आईला सुषमाताईचीच काळजी. "एकटी पोर, बाहेरगावना लोकेसमा. काय खात व्हई?" तिने डब्यात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत दिलं. डबा परत आला तो भरून. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत द्यायची पद्धत नाही. चिमूटभर साखर का होईना, आत टाकायची. ताईकडेही तसंच असणार, कारण तिने डबा घासून त्यात तूरडाळ भरून पाठवली होती. नवापूरची, तिच्या घरच्या शेतातली. आईने मूठभर डाळ हातात घेऊन वास घेतला आणि डोळे मिटले. नवापूरच्या डाळीचं नाव आमच्याकडे असं घेतात.

ही झाली डबा परत आल्याची गोष्ट. आता दुसऱ्या दिवशीची.

त्या दिवशी दोन गोष्टी होत्या. सर्वे संपत आला होता, दुसऱ्या दिवशी मोलगीच्या डोंगरांवरून शेवटची फेरी आणि मग मुक्काम हलणार. म्हणजे आमच्या मैदानावरची ही शेवटून दुसरी चूळ. आणि आमच्या घरी आईचं हळदीकुंकू. ओट्यावर एकच कॅन उरला होता, सकाळी ताईने पाणी मीटरने तपासून, ठीक आहे म्हणून मला अंगठा वर करून ठेवलेला. मी शाळेत गेले.

साडेपाचला परत आले तेव्हा बायका निघाल्या होत्या, घरभर अत्तराचा वास आणि भूक मरणाची. मैदानावर धुवायची तयारी चाललेली दिसत होती. धुडकूकाका ओट्यावरून कॅन घेऊन गेलेलेच होते. म्हटलं दोन घास खाते आणि पळते. आईने भात वाढला, वर डाळ. मी पहिला घास घेतला.

आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, ते तसंच आहे. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात आणि डाळ दाताखाली कचकच करते. आई त्यात सोडा टाकते. ही डाळ मात्र जिभेवर ठेवली आणि गेली.

"आई, हाई दाय इतली मऊ कशी?"

आई याच प्रश्नाची वाट बघत होती. तिने पदर खोचला. "एकच शिट्टीमा शिजनी. सोडा बी नही."

"कसाना पानीमा?"

"तुन्हा त्या पानीमा." ओट्याकडे बोट. "तूच म्हनत व्हती ना, त्यामा काहीच नही म्हनीसन. इतली चांगली दाय, सुषमानी दिधेल, ती बोअरना पानीमा टाकू का मी?"

माझा घास तसाच.

पुढचं आईनेच आनंदाने सांगितलं. डाळ शिजली म्हणून चहाही त्याच पाण्याचा केला. चहावर एरवी येणारा पांढरा तवंग आला नाही, म्हणून शेजारच्या जमनाबाईंनी विचारलं. मग सगळ्यांनी प्यायला ते पाणी मागितलं. मग जाता जाता एकेकीने घरी डाळ लावून बघायला तांब्याभर नेलं. संक्रांतीच्या वाणासारखं आईने वाटलं.

"आई, कॅन रिकामा व्हयना?"

"व्हयना. पन रिकामा कसा देवाना लोकेसले? मी बोअरनं पानी भरी दिधं. काठोकाठ."

मी उठले. हात धुतला नाही.

आमच्या ओट्यापासून दोरीपर्यंत पळायला किती लागतं हे मला ठाऊक नाही, पण तेवढ्यात माझ्या डोक्यात बरंच काही येऊन गेलं. कदाचित ताईने पाणी पुन्हा तपासलं असेल. कदाचित ताईच्या धुवायच्या बाटलीत कालचंच उरलेलं असेल आणि मी उगाच तमाशा करीन. हर्षाली आणि टोळी दोरीला टेकून होती. "आज काय नवीन?" हर्षाली म्हणाली. मी दोरीखालून वाकून आत गेले, माझ्या खुणेपर्यंत.

वीज देणारी गाडी घुरघुरत होती. ताईने पाण्याच्या बाटलीत हवा भरून ठेवलेली. ही बाटली म्हणजे आमच्या शेतातल्या फवारणीच्या पंपाची चुलत बहीण, फक्त चकचकीत. नळी इंजिनाच्या तोंडाला लागलेली. ताईच्या कानावर डबे, पाठ माझ्याकडे. कॅप्टनसाहेब आत बसून ताईच्या हाताकडे बघत होते. तिने अंगठा वर करायला हात उचलला.

"ताई," मी ओरडले. गॅदरिंगचा आवाज, त्याहून मोठा. काही उपयोग नाही.

मग मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली केली. उजव्या हाताला डाळभात चिकटलेला.

कॅप्टनसाहेबांनी मला पाहिलं. त्यांनी दोन्ही हात बटणांवरून काढून वर धरले, पोलिसांपुढे चोर धरतो तसे. ते बघून ताई वळली. तिने मला पाहिलं, पण आधी बाटलीची तोटी बंद केली, मग नळी काढली, मग कानावरचे डबे काढले, आणि तेव्हाच विचारलं, "काय?"

"कॅनमध्ये बोअरचं पाणी आहे. माझ्या आईने भरलंय."

ताईने खिशातून पेनाएवढं मीटर काढलं, बाटलीतलं पाणी झाकणात घेतलं, त्यात बुडवलं. मीटरवरचे आकडे रिक्षाच्या मीटरसारखे पळायला लागले आणि पळतच राहिले. ती अवजारांच्या पेटीवर बसली.

"सकाळी मोजलं होतं," ती म्हणाली. "भरताना नाही मोजलं."

"आत गेलं का?"

"नाही. तू हात वर केलेस तेव्हा माझं फक्त अंगठा वर करायचं बाकी होतं." मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "हे काय लागलंय?"

"डाळ. तुमचीच."

एवढ्यात आई आली. हळदीकुंकवाची पैठणी, हातात तांब्या, मागे जमनाबाई आणि अर्धी कॉलनी. आईला तोवर कोणीतरी सांगितलं होतं की तिच्या पाण्याने हेलिकॉप्टर बिघडणार होतं. ती दोरीपाशी थांबली आणि मला वाटलं रडणार. "सुषमा, मन्ही चूक व्हयनी व माय," ती म्हणाली. "मी चांगलाच विचार करा व्हता."

सुषमाताईने तिच्याकडे पाहिलं. चेहरा अजून उतरलेला, पण विचारलं काय, तर, "काकू, डाळ कशी झाली?"

आई क्षणभर गोंधळली. "लोनीसारखी."

कॅप्टनसाहेब, जे आमच्याशी कधी बोलत नसत, ते आतून हसायला लागले, मग धुडकूकाका, मग सगळेच. ताई पण हसली, आणि हसता हसताच माझ्या लक्षात आलं की प्रश्न सुटलेला नाही. न धुता उद्या उडायचं नाही, हा इथला नियम, काजळीमुळेच केलेला. मोलगीवरून उडायची परवानगी उद्यापुरतीच. पाण्याची पुढची गाडी पुढच्या मुक्कामावर. ताईची सही नाही तर फेरी नाही, आणि तिच्या पहिल्याच जागेवर ही गोष्ट तिच्या नावावर चिकटणार. आमच्या पाहुणचारामुळे.

"बॅटरीचं पाणी चालेल?" हर्षालीने विचारलं. "ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतं."

"एवढं मिळणार नाही," ताई म्हणाली. "आणि ते कशात भरून ठेवलंय कोणास ठाऊक."

तेव्हा पप्पा शिफ्ट संपवून मोटरसायकलवर येत होते. माझे पप्पा, धर्मेंद्र पाटील, कारखान्यात बॉयलरवर आहेत. आपल्या बायकोला पैठणीत आणि पोरीला दोरीच्या आत बघून त्यांनी गाडी तिथेच लावली. मी सगळं सांगितलं, एका दमात. ते ऐकत होते, हेल्मेट न काढता.

"म्हणजे क्षार नको," पप्पा म्हणाले.

"क्षार नको."

"मग बॉयलरले तरी कोठे चालस? आमच्या नळ्यांना पण खार बसतो. बोअरचं पाणी आम्ही साफ करून, क्षार काढूनच आत सोडतो. तिकडे टाकीच आहे."

मी पप्पांकडे बघत राहिले. दहावीपर्यंत मी त्यांच्या बॉयलरबद्दल एकही प्रश्न विचारलेला नव्हता. तो माझ्या लेखी चिमणीखालचा काहीतरी गरम प्रकार होता.

पप्पा शिफ्टच्या केमिस्टसाहेबांना विचारून प्रयोगशाळेतला धुतलेला कॅन भरून घेऊन आले. ताईने पाण्यात मीटर बुडवलं. आकडा इवलासा आला आणि तिथेच बसला. तिने पुन्हा मोजलं, पुस्तकात बघितलं, फोटो काढून तिच्या मोठ्या इंजिनिअरना पाठवला आणि फोनवर बोलली. आम्ही सगळे दोरीला चिकटून, जणू निकाल लागणार होता. फोन ठेवून तिने मान डोलावली. मग बाटली त्या पाण्याने विसळली, ओतली, पुन्हा विसळली, नळीसुद्धा. आई जवळ सरकून म्हणाली, "माझ्याकडची पोरगी ताट पण एवढं विसळत नाही." माझ्याकडची पोरगी म्हणजे मी.

"ममता," ताईने हाक मारली. "खुणेवर उभी राहा. आज फुली तुझ्याकडे. मी नळीकडे बघणार, कॅप्टन माझ्याकडे बघणार, तू सगळ्यांकडे बघ." आणि तिने जास्तीचे कानावरचे डबे मला दिले.

डबे घातल्यावर जग बंद झालं. फक्त डोळे उरले. ताईचा अंगठा वर गेला, आतल्या चकत्या फिरायला लागल्या, आधी हळू, मग एकेक पातं दिसेनासं झालं. ताईने तोटी सोडली. पाणी तोंडातून धुक्यासारखं आत गेलं आणि मागून आलं, काळं, मग तपकिरी. थांबले, निथळू दिलं, पुन्हा फिरवलं. मग चहासारखं. शेवटी ट्रेमध्ये पडलेलं पाणी इतकं स्वच्छ होतं की त्यात चिमणी उलटी दिसली. मी एकदाही हात वर केले नाहीत, पण ते तयार होते, खांद्यापर्यंत.

मग वाळवायला इंजिन खरोखर सुरू केलं. आम्हाला सगळ्यांना लांब नेलं. मागून पांढरी वाफ निघाली, आईच्या कुकरसारखी, आणि विरून गेली. पप्पा माझ्याशेजारी उभे होते. गरगराट थांबल्यावर ते म्हणाले, "आत किती तापत असेल ग?"

मी त्यांना सांगितलं. ताईकडून ऐकलेलं सगळं सांगितलं, चकत्या, दाब, झोत. त्यांनी मला त्यांच्या वाफेचं सांगितलं, तीही कशी चाक फिरवते आणि वीज करते. घरी जाईपर्यंत आम्ही बोलत होतो. आई मागून तांब्या घेऊन येत होती आणि म्हणत होती, बापलेकीने डोकं उठवलं.

सकाळी खाट घेऊन ते उडालं. मी शाळेच्या रस्त्यावर थांबून बघितलं, सातपुड्याकडे जाऊन ठिपका होईपर्यंत. हर्षाली म्हणाली, "तुझ्या डाळीवर चाललंय." मी म्हटलं, हो.

संध्याकाळी शेवटची चूळ झाली, तीही पप्पांच्या टाकीच्या पाण्याने, आणि सामान बांधलं गेलं. या वेळी ताईने भरतानाही मोजलं. जाताना ती आईचा दुसरा डबा परत द्यायला ओट्यावर आली. डबा अर्थातच रिकामा नव्हता, वरपर्यंत डाळ, आणि डाळीत खोचलेली छोटी पुडी, तिच्यावर माझं नाव. पुडीत कानात घालायचे पिवळे स्पंजाचे बोळे.

"आता ही डाळ कशात शिजवणार, काकू?" ताईने विचारलं.

"सोडा टाकसू," आई म्हणाली. "आते कोनं पानी लेवानी हिंमत नही मन्ही."

रात्रीच्या जेवणाला सोड्याची डाळ होती, थोडी कचकचणारी, तरी नवापूरची. मैदानावर अंधार होता, दोरी पण काढून नेलेली. पप्पांचा फोन वाजला. मामा होते. शहाद्याला जीवशास्त्राच्या क्लासची नावनोंदणी सुरू झाली, ममताचं नाव घालू का, असं विचारत होते. पप्पा म्हणाले, "घाला ना, त्यात काय विचारायचं," आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्याकडे गेली, कारण मी ताटावरून उठून उभी राहिले होते आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली होती.

पप्पांना त्या फुलीचा अर्थ माहीत होता. काल मीच त्यांना सगळं सांगितलं होतं. ते फोनमध्ये म्हणाले, "थांबा, नंतर करतो," आणि फोन खाली ठेवला. आईचा पोळी वाढणारा हात तसाच राहिला.

"काय व्हयनं?" पप्पांनी विचारलं.

मी हात खाली घेतले. समोर माईक नव्हता, पप्पा जेवत होते, आणि तरीही आवाज आला, माझाच, नेहमीचा.

"आई, पप्पा, आयका. मी अकरावीले गणित लिसू. जीवशास्त्र नही, फार्मसी नही. मामांना मी स्वतः फोन करून सांगणार आहे. बारावी झाली की विमान दुरुस्तीचा कोर्स करणार, सुषमाताईसारख्या परीक्षा देणार, आणि मी धुतलेल्या इंजिनावर सही माझी असणार. आणि आई, आजपासून भांडी पण मीच घासणार. सुरुवात कुठूनतरी करायला पाहिजे ना."